भोईर बाई आणि उरलेल्या सात वड्या

भोईर बाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. ट्रॅकसूटच्या खिशातून चॉकलेटचे चुरगळलेले कागद काढले आणि माझ्या उघड्या हजेरीपटावर ओतले.

"हा माझ्या कबड्डीच्या पोरींचा नाश्ता. मोज."

मी मोजले. अकरा होते. संघात मुली बारा.

"बारावीनं कायच न्हाय खाल्लं," बाई म्हणाल्या. "पोटात काय न्हाय, तर पायात कुठून येणार?"

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत मी लिपिक आहे, एकवीस वर्षं. बाई नुकत्याच मानधनावर लागल्या होत्या, क्रीडाशिक्षिका म्हणून. वरसाव्याहून बसने यायच्या. सगळ्यांना अरे-तुरे करायच्या. रागावल्या की मुख्याध्यापकांनाही 'अरे ऐक' म्हणायच्या, आणि त्या बहुतेक वेळ रागावलेल्याच असत. त्यांचा राग मला आवडायचा. आमच्या शाळेत सगळे फार गोड बोलतात आणि कामं पडून राहतात.

ते चॉकलेट म्हणजे शेंगदाणे आणि चिकट कॅरॅमलवालं, दात लावला की ताणलं जाणारं. मुलींचा जीव होता त्याच्यावर. बाईंनी आधी बंदी घातली. मुली मग गेटबाहेर खाऊन यायला लागल्या. तेव्हा बाई पुन्हा माझ्याकडे आल्या. "तू याद्या करतंस ना सारख्या? मग एक यादी कर. अस्संच चॉकलेट, पण पोरीच्या अंगाला लागंल असं."

त्या दिवसापासून मी 'यादीबाई' झाले.

जेसल पार्कच्या माझ्या स्वयंपाकघरात तीन रविवार आम्ही दोघी खपलो. पहिल्या खेपेला मध घातला. बाई ओरडल्या, "जिनल जैन हाय, मध खात न्हाय!" मध गेला. दुसऱ्या खेपेला मिश्रण कोरडं झालं. मुलींनी चाखलं आणि एकजण म्हणाली, "बाई, हा लाडूच आहे. आडवा झोपवलाय." बाई हसल्या नाहीत. "ताणलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला खजूर दुधात भिजवून, वाटून, तुपावर आटवला आणि तो ताणला गेला. खाली शेंगदाण्याचा कूट, दूध पावडर. वरून डार्क चॉकलेट वितळवून. नुसत्या कुटाने वडी तेलकट होत होती, म्हणून निम्मं डाळं दळून घातलं. ते माझ्या डोक्यातून आलं. तेलकटपणा गेला, वडीही घट्ट झाली. मी फूटपट्टी लावून बारा सारख्या वड्या कापल्या तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मुली खायला लागल्या. दुसऱ्या सत्रात धापा टाकणाऱ्या मुली शेवटपर्यंत उभ्या राहायला लागल्या. आंतरशालेय स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोचलो.

उपांत्य सामना मार्गशीर्षातल्या गुरुवारी होता.

सकाळी सामानाची यादी मी तपासली. गुडघ्याच्या पट्ट्या, पाणी, मलम, ओळखपत्रं, बारा वड्यांचा डबा. सगळ्यांवर खूण केली. निघण्याआधी बाईंनी मुलींची दप्तरं झाडली आणि निघाली तेवढी विकतची चॉकलेटं काढून घेतली. "खाल्लं का सगळ्यांनी?" बाईंनी मैदानावर विचारलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हो बाई."

दुसऱ्या सत्रात आमची कप्तान वैष्णवी चढाईला गेली, एकीला बाद करून वळली आणि मध्यरेषेपर्यंत पोचायच्या आत कोसळली. हनुवटी जमिनीवर आपटली. चार टाके पडले. सामना हरलो.

संध्याकाळी बाईंनी डबा माझ्यासमोर उघडला.

"सात तशाच हायत."

मला अजून कळलं नव्हतं. बाईंनी एक वडी मोडून माझ्या नाकाजवळ धरली. "डाळं हाय ना ह्यात? उपासाला डाळं चालतं?"

सात मुलींचा गुरुवार होता. विकतचं चॉकलेट उपासाला चालतं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. शेंगदाणे आणि दूधच तर आहे त्यात. आतापर्यंतचे सगळे उपास त्यांनी त्याच्यावर काढले होते. आम्ही ते काढून घेतलं आणि हातात डाळं दिलं. बाई ओरडतील म्हणून कोणी बोललं नाही. आणि मी? त्या सकाळी मी स्वतः घरी घट मांडून, चहावर निघाले होते. माझाही गुरुवारच होता.

"तुझ्या यादीत पट्ट्या हायत, मलम हाय," बाई म्हणाल्या. "पोरी कुठं हायत?" मग डबा बंद करून म्हणाल्या, "मला घाबरून खोटं बोलल्या, ती चूक माझी."

पुढच्या सोमवारी संस्थेच्या सचिवांनी मला बाईंना द्यायच्या नोटिशीचा मजकूर सांगितला आणि तो मीच टाइप केला. घरी बनवलेला अनधिकृत खाद्यपदार्थ दिल्याने विद्यार्थिनीची प्रकृती बिघडली, खुलासा करावा. जो पदार्थ तिने तोंडातही घातला नव्हता! मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही टाइप करा."

बाईंचा खुलासा दोन ओळींचा होता. 'पदार्थ मी केला. मुलगी उपाशी आहे हे मला कळायला हवं होतं.' माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. तो कागद घेऊन मी सचिवांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "डाळं मी घातलं. वड्या माझ्या घरी झाल्या."

"मॅडम, तुम्ही कायम आहात," ते म्हणाले. "तुमची चौकशी लावायची तर वर कळवावं लागतं. त्यांचं तसं नाही. बसा तुम्ही, चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. त्याने कोणाचं काही वाचलं नाही.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावरच भडकल्या. "कशाला गेलीस त्याच्याकडं? दोघी भायेर गेलो तर आत कोण र्‍हाईल? एक तरी आत पाहिजे ना!" त्यांचा आयुष्यातला हिशोब हाच होता: आपलं काय व्हायचं ते होवो, माणूस आत असला पाहिजे. मला त्याचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. मला विचारलं असतं तर मी निदान भांडले असते.

बाईंना काढलं. शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीच्या कागदावर सही करून त्या म्हणाल्या, "वैष्णवीच्या आईला फोन कर. गुरुवारी काय चालतं ते नीट इचार." शिट्टी गळ्यात तशीच ठेवून त्या गेल्या. कोणी निरोप समारंभ केला नाही.

मी लगेच फोन केला. आई म्हणाली, "राजगिरा चालतो, खजूर चालतो. वैष्णवीचे टाके निघाले, सोमवारपासून पाठवते सरावाला. बाई घेणार ना?"

बाई आता शाळेत नाहीत, मी म्हणाले.

"मग कोण घेणार?"

हा प्रश्न मी त्याच दुपारी कागदावर लिहिला, खाली घडलेली हकीकत माझ्या नावानिशी लिहिली, सही केली आणि आवक क्रमांक घालून सचिवांच्या टेबलावर ठेवला. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी सकाळी, पहिलं काम म्हणून, मी स्मरणपत्र ठेवते.