मागच्या स्पीकरमधला आवाज

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आवाजाचं काम करणाऱ्याचा नसतोच... स्पीकर गुणगुणला की आम्ही आधी वायर हलवून बघतो, अंगारा शोधत नाही. म्हणून हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. आता लिहितोय, कारण यात भीतीपेक्षा माझी लाज जास्त आहे.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. समता कॉलनीत माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान होतं. शहरात नवे अधिकारी, नवे ठेकेदार, नवे बंगले — आणि बंगल्यांत होम थिएटर. जो तो म्हणायचा, "भैया, शादी की डीव्हीडी फाइव्ह पॉइंट वन में चाहिए." म्हणजे समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि एक धडधडीसाठी. पण कॅमेऱ्याचा माइक समोरचंच ऐकतो. मागच्या दोन स्पीकरांत घालायचं काय? तिथे गर्दीची कुजबुज हवी — माणसं, ताटं, पोरं. आणि ती लग्नात स्वच्छ मिळतच नाही. बँड आणि डीजे सगळं गिळून टाकतात.

मला ती स्वच्छ मिळाली माझ्या मोठ्या भावाच्या तेरवीला.

दादा सरकारी नोकरीत होता, हार्ट अटॅकने अचानक गेला. तेरवीला मी वहिनींसाठी गीतापाठाचं रेकॉर्डिंग केलं. पाठ संपला, पंगत बसली... मी रेकॉर्डर बंद केला नाही. भरलेलं घर, ना बँड ना भोंगा. सख्खा भाऊ गेलेला, आणि माझ्या मनात आलं — काय सुंदर आवाज मिळतोय!

तेव्हापासून तीच फाइल मी प्रत्येक लग्नाला मागे लावत आलो. शब्द कळू नयेत म्हणून थोडी दाबायची, एवढंच. रायपुरातल्या कितीतरी नवरा-नवरींच्या पाठीमागे माझ्या भावाच्या तेरवीची माणसं बोलत आहेत.

पुढे दादाच्या मुलीचं, सोनलचं लग्न झालं. तिची डीव्हीडी मीच केली. ती फाइल माझ्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून लावलेलीच असायची. लक्षात आलं तेव्हा मिक्स होऊन गेला होता. काढायला हवी होती... कोणाला कळणार, म्हणून राहू दिली.

रविवारी दुपारी वहिनींकडे सगळे बघायला बसलो. सोनल आणि जावई सोफ्यावर. वहिनी मागे दिवाणावर, स्पीकरला लागून, तांदूळ निवडत.

"काका, मेरी डबल चिन तो काट देते!" सोनल म्हणाली.

"हनुवटी कापायचं सॉफ्टवेअर नाही बाई माझ्याकडे."

"दिसली तं दिसली," वहिनी मागून म्हणाल्या. "लग्न झालं ना आता. जावई काही वापस करून नाही राहिले."

सप्तपदी सुरू झाली. आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून, घसा खाकरून, अगदी स्पष्ट —

"काय वं... पोट्टी जेवली काय?"

वहिनींचा हात ताटातच थांबला. जावयाने वळून पाहिलं. त्याने दादाला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. "ये कौन बोला?"

"पापा," सोनल म्हणाली. मग रडता रडता हसत माझ्याकडे वळली. "काका, आपने पापा की पुरानी आवाज़ डाली? मेरे लिए?"

मी म्हणालो, "हव."

तेरवीच्या रेकॉर्डिंगमध्ये दादाचा आवाज असेल कसा? पण तिचा चेहरा बघून तेवढंच तोंडातून निघालं.  मी निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "भाऊजी, अजून बोलले असतील ना ते त्याच्यात? सगळं द्या मले."

दुकानात येऊन ती फाइल एकेक चॅनल वेगळा करून ऐकली. ताटं, पावलं, कोणाचं तरी मुसमुसणं. दादा नाही. त्यांच्याकडून आणलेली तीच डिस्क माझ्या स्पीकरांवर लावली — नाही. वहिनींकडे परत नेऊन लावली, तर आवाज आला. तोच, तिथेच. रेडिओ पकडत असेल म्हणून वायर बदलली, मग स्पीकरच बदलला. तरी आला.

बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी वहिनींसमोर बसून खरं सांगून टाकलं. तेरवी, फाइल, इतकी लग्नं... सगळं.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्यात माझी आई रडून राहिली. आईचं रडणं नाही ओळखणार काय मी? अन् सोनीच्या लग्नात कुठं होती आई? ते तं आधीच गेली."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

"तेरवीच्या दिवशी सोनी उपाशी होती, भाऊजी. माझं ध्यानच नव्हतं. त्यांचं होतं."

"वहिनी, रागवा तरी मला."

"रागावली ना. लय रागावली. पण तुम्ही तेव्हा ते रेकॉर्डिंग बंद केलं असतं, तं हे कुठून आलं असतं?"

मग रोज दुपारी त्या डिस्क लावू लागल्या. आवाज आला की तांदूळ निवडता निवडता उत्तर द्यायच्या, "जेवली, जेवली." सोनलला ते बघवेना. "काका, मम्मी को समझाओ ना," ती फोनवर म्हणायची. मी कोणत्या तोंडाने समजावणार?

रोज काढून-लावून डिस्क घासली, अडकू लागली. वहिनींनी दुसरी करून मागितली. मी मूळ मिक्समधून काढली — आवाज नाही. त्या डिस्कवरूनच कॉपी केली — नाही. पुन्हा पुन्हा केली. आणि एक दिवस मूळ डिस्क चालायचीच बंद झाली.

आता यात दादा नाही, हे सांगायचं ठरवूनच मी गेलो. नवी डिस्क लावली आणि त्यांच्या बाजूला, स्पीकरजवळ उभा राहिलो. सप्तपदी आली. मी वाकून कान लावला. ताटं वाजली, कोणीतरी मुसमुसलं. बाकी काही नाही.

"जेवली," वहिनी म्हणाल्या.

सवयीने म्हणाल्या, की त्यांना खरंच ऐकू आलं? मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. डिस्क संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग त्यांनी विचारलं, "बराबर झाली ना कॉपी?"

मी म्हणालो, "हो वहिनी. बरोबर झाली."