खाटेखालची तीनशे गीतपुस्तकं

“मंडळीत फूट पाडायचं काम चाललंय तुमचं!”

आमच्या चर्चचे वडील, म्हणजे एल्डर, निवृत्त हेडमास्तर, आक्कांच्या घरात उभे राहून ओरडत होते. ओरडणं भागच होतं. वडगावातल्या त्या घराच्या दोन्ही अंगांना पॉवरलूम. तिथं नुसतं ‘चहा घ्या’ म्हणायलाही घसा सोलावा लागतो. पण हेडमास्तरांचा आवाज हिंडलग्याच्या जेलात पोचला असता, तर कैदी आपोआप रांगेत उभे राहिले असते.

“ही दुसरी ताकीद. आता पेटीवर दुसरं माणूस बसवणार आम्ही!”

नेमकी तेव्हाच लाईट गेली. माग थांबले आणि शेवटचं वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोर भांडी घासणारी बाई हातातलं ताट तसंच धरून बघत राहिली.

आक्का तीस वर्षं रविवारच्या उपासनेत पेटी वाजवत होत्या. साक्षीदाराशिवाय ताकीद द्यायची नाही ही आमच्या कमिटीची रीत, म्हणून मला नेलं होतं. मला! चोरालाच पंच केल्यासारखं.

झालं होतं एवढंच. आक्कांची सून धारवाडकडची. तिच्यासाठी महिन्यातून एक गीत कानडीत घ्या, असं आक्कांनी कमिटीत विचारलं. उपासनेनंतर चहाच्या वेळी मी कप हातात घेऊन सुरू झालो, “एक गीत? अहो, आक्कांच्या खाटेखाली तीनशे कानडी गीतपुस्तकं हाईत. मी मोजून आलोय. नाताळात नुसतं आमेन तेवढं मराठीत ऱ्हाणार!”

चाळीसजण हसले. हशा मिळाला की मला ब्रेक लागत नाही. निपाणीच्या मामाची म्हैस मी सांगता सांगता दुमजली केलेली आहे. पण म्हशीवरून कुणी भांडत नाही. आमच्या सीमाभागात भाषेवरून भांडायला दुकानाची पाटीसुद्धा पुरते.

पुढच्या रविवारी माझीच गोष्ट मला भेटली. पुस्तकं पाचशे झालेली, वर हुबळीहून नवा पास्टर निघालेला. मूल माझंच होतं, पण त्याला मिशा फुटल्या होत्या. तिसऱ्या रविवारी माणसं दोन बाजूंच्या बाकांवर वेगवेगळी बसली.

“खाटेखाली काय दडवलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे,” हेडमास्तर आता हळू आवाजात म्हणाले.

आक्का उठल्या आणि खाटेवरून लोंबणारी चादर वर केली. खाली पोतंभर कांदे आणि सुनेची सुटकेस.

“हलवली असतील,” हेडमास्तर म्हणाले.

‘पुस्तकं नव्हतीच’ एवढंच मी म्हणायचं होतं. एका दमात पाऊण तास बोलणारा माणूस मी. कांद्यांकडे बघत बसलो. आक्कांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि चादर खाली सोडली.

पुढच्या रविवारपासून पेटीवर दुसऱ्या बाई बसल्या. आक्का येत होत्या, शेवटच्या बाकावर. मांडीवर त्यांची बोटं गीताबरोबर चालत असायची. ते मी रचून सांगत नाही.

मग प्रभुभोजनाचा, मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा रविवार आला. आधी भावंडांशी समेट करा, मग मेजाकडे या, असं पास्टर दरवेळी सांगतात. दरवेळी मी पहिल्या रांगेत असतो. त्या दिवशी जागचा हललो नाही. उपासना सुटल्यावर स्कूटर थेट वडगावला नेली.

माग धडधडत होते.

“आक्का, ती पुस्तकं मी रचली!”

“काय?”

“मी खोटं बोललो! पुस्तकांचं!” गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं. “रविवारी सगळ्यांसमोर उभा ऱ्हाऊन सांगतो!”

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “पेटीची काळी तीनची पट्टी अडकती. नव्या बाईस्नी सांग, जोरात दाबू नका.”