उजळ करून देतो

संघप्रियाची आई केसरबाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी स्टुडिओतून मोठा फोटो आला. त्यावरचा वर्तमानपत्राचा कागद संघप्रियाने काढला आणि तिला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाची फ्रेम आपल्याकडे आली.

साडी आईचीच होती, पांढरी, निळ्या काठाची. चष्माही आईचाच. पण चष्म्यामागची बाई दुधात बुडवून काढल्यासारखी गोरी होती. हनुवटीवरचं हिरवं गोंदण गायब. कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट. ओठ गुलाबी. केसरबाई जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत आली. घरी यायची तेव्हा भुवयांवर सुताची पांढरी धूळ असायची, आणि त्या धुळीखालचा तिचा काळाभोर, तुकतुकीत चेहरा संध्याकाळच्या उन्हात चमकायचा. तो चेहरा या फ्रेममध्ये कुठंच नव्हता.

घरात माणसं जमायला लागली होती. मोहोळच्या मावशीने फ्रेम हातात घेतली आणि पदराने काच पुसत म्हणाली, "किती झ्याक आलाय गं! अक्का अगदी मास्तरीण दिसती बघ."

पाहुण्यांसमोर नको म्हणून संघप्रियाने फ्रेम तशीच भिंतीला लावली. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मग तिने भिंतीवरून फ्रेम उतरवली, स्कूटीवर पुढ्यात उभी केली आणि बुधवार पेठेतून थेट हिंदुरावांच्या स्टुडिओत गेली.

हिंदुराव म्हणजे भागातला जुना फोटोग्राफर. निम्म्या पेठेची लग्नं त्यांच्याच कॅमेऱ्याने पाहिलेली. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"काच तडकली का, ताई?"

"ही कोण आहे?"

"म्हणजे? तुमच्या आईच की."

"माझी आई काळी होती, काका. गोंदण होतं तिला. ते कुठं गेलं?"

हिंदुरावांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचं हसू आलं. "अहो, ते होय! उजळ करून दिलंय. त्याचं वेगळं काही लावलेलं नाही तुम्हाला."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगावं लागतं का? सगळ्यांनाच करून देतो."

"तुमच्या आईच्या फोटोला केलं असतं असं?"

"माझी आई गोरीच होती," हिंदुराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कुचकेपणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. आणि त्या साधेपणानेच संघप्रियाच्या डोक्यात तिडीक गेली. ती काय काय बोलली ते तिला नंतर धड आठवेना. समोरच्या चहावाल्याकडची माणसं मात्र ग्लास हातात धरून दारापर्यंत आली होती.

हिंदुरावांनी शेवटी वैतागून कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडून दाखवला. संघप्रियाची धाकटी बहीण कीर्ती, तिच्या लग्नातला तो होता. "घ्या, बघा. ह्यातून आणखी काय निघणार?" फ्लॅशच्या झोतात चेहऱ्याचा रंग तिथंच उडालेला होता, गाल राखाडी, कपाळावर पांढरा डाग. उजळ करण्याआधीसुद्धा ती आई नव्हतीच.

त्या रात्री जेवणखाण सोडून तिने घरातले सगळे फोटो जमिनीवर मांडले. आधार कार्डावर केसरबाई म्हणजे काळा ठिपका आणि चष्म्याच्या दोन चमकत्या काचा. भीमजयंतीला मोबाइलवर काढलेल्यांत मोबाइलने आपणहून रंग धुऊन टाकलेला. नात्यातल्या एका बारशात पांढरी साडी स्वच्छ आणि वर चेहऱ्याच्या जागी अंधार. पासष्ट वर्षं जगलेल्या बाईचा खरा रंग एकाही कागदावर उतरला नव्हता. आता उतरणारही नव्हता. संघप्रिया रडली नाही. दात आवळून ती फोटो गोळा करत राहिली.

दवाखान्यात ती एक्स-रे काढायचं काम करायची. दिवसभर लोकांची हाडं बघायची, पण साध्या कॅमेऱ्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. आता ती दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ बघायला लागली. पांढऱ्या कपड्याला धरून उजेड मोजला तर काळा चेहरा बुडतो, समोरून फ्लॅश मारला तर त्याचा रंग पळतो, हे तिला समजलं. म्हणजे यात आईचा काही दोष नव्हता. काढणाऱ्याने तिच्याकडे नीट पाहण्याची तसदीच घेतली नव्हती. जितकं समजत गेलं तितका तिचा राग वाढला.

एका रविवारी ती वडिलांना, जालिंदर आप्पांना घेऊन नव्या पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. आप्पा रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. त्यांच्या हातात पिशवी, डोक्यावर टोपी. दुकानदार सिद्धप्पा फोनवर कुणाशी तरी कन्नडमध्ये बोलत होता. फोन ठेवून त्याने आप्पांनाच विचारलं, "बोला मालक, लग्नाच्या ऑर्डरी घेताय का?"

"मला न्हाय ओ. हिला पायजे."

"असं होय. मग ताईंना हे पूर्ण किट देऊ." आणि बोलणं पुन्हा आप्पांशीच. "ह्यात कॅमेरा, दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, फिल्टर. वर हा फ्लॅश घ्या. आणि ही रिंग लाइट, लेडीज लोकांत लई चालते."

"मला माणसांचे चेहरे काढायचेत," संघप्रिया म्हणाली. "घरात, दाराच्या उजेडात. फ्लॅश नकोय."

सिद्धप्पाने समजुतीचा सूर लावला. "ताई, कसंय, गोऱ्या माणसाला चालतं की बिनफ्लॅशचं. आपल्याकडची माणसं जरा सावळी. फ्लॅशशिवाय उठाव येत न्हाय बघा." आणि पटवून द्यायला त्याने कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला आणि काउंटरपलीकडून आप्पांवर धाडकन मारला. आप्पा डोळे चोळायला लागले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांचं नाक आणि कपाळ तेल चोपडल्यासारखं चमकत होतं आणि बाकी चेहरा राखेचा.

"हा उठाव?" संघप्रियाचा आवाज चढला. "हे माझे वडील आहेत का राख फासलेला गोसावी? काढा तो फ्लॅश. आणि बोलायचं ते माझ्याशी बोला. कॅमेरा मी घेणार आहे."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आप्पांनी तिच्या कोपराला हात लावला. तिने तो झटकला. सिद्धप्पाने तोंड आंबट केलं, पण फ्लॅश काढला.

मग तिने त्याला एकेक लेन्स लावायला लावली. आप्पांना दुकानाबाहेर, पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसवलं. किटातली लहान लेन्स लावून चेहरा भरेल इतकं जवळ जावं तर आप्पांचं नाक भोपळ्यासारखं पुढं यायचं. दुसरी, लांबून चेहरा ओढणारी, छान होती. पण तिच्यासाठी संघप्रियाला रस्ता ओलांडून पलीकडच्या कापडदुकानाच्या पायरीवर उभं राहावं लागलं आणि मधून रिक्षा जायला लागल्या. एवढी लांब जागा त्यांच्या घरात सोडा, गल्लीतही नव्हती. शेवटी तिने मागितली ती पन्नास एमएमची, झूम न होणारी, अंधाऱ्या जागीही भरपूर उजेड आत घेणारी. हातात छोटीशी, प्लॅस्टिकची, खेळण्यातल्यासारखी.

"ही? हिच्यात काय न्हाय ओ," सिद्धप्पा म्हणाला. "मागंपुढं तुम्हालाच पळावं लागतंय."

"पळते मी."

तीच घेतली. तिरपं ऊन काचेवर पडू नये म्हणून पुढे बसवायचं हूड घेतलं. दाराच्या उजेडाच्या उलट्या बाजूला धरायला उजेड परतवणारा एक घडीचा पांढरा रिफ्लेक्टर घेतला. स्वस्तातला फिल्टर त्याने फुकट देऊ केला, तोही घेतला नाही. उगाच एक काच मध्ये कशाला? रिंग लाइटचा डबा मात्र सिद्धप्पा ती दोघं निघेपर्यंत पुढे सरकवत होता.

घरी आल्यावर कळलं की घेणं सोपं होतं. पहिल्या फोटोत आप्पांचा एक डोळा लख्ख आणि दुसरा धुक्यात. लेन्समधलं उजेडाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं होतं, त्याचा परिणाम. ट्यूबलाइट चालू राहिली त्या दिवशी ते निळे पडले. भिंतीवरच्या चुन्याने कॅमेरा फसला आणि ते पुन्हा आधार कार्डावरच्या आईसारखे काळा ठिपका झाले. ती स्वतःवरच चिडायची, आप्पांवर खेकसायची, "हलू नका म्हटलं ना!" आप्पा बिचारे श्वास धरून बसायचे.

आणि मग एका दुपारी जमलं. दार उघडं, ट्यूब बंद, रविवारी माहेरी येणाऱ्या कीर्तीने डाव्या बाजूला रिफ्लेक्टर धरलेला. पडद्यावर आप्पा आले ते आप्पाच होते. रुळांवरच्या उन्हाने भाजलेला काळा, तांबूस झाक असलेला रंग. गालावरची जुनी खूण, पांढरी खुरटी दाढी, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सगळं जागच्या जागी. संघप्रियाने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

आप्पांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"एवढा काळा हाय व्हय मी?"

"होय. एवढेच आहात."

"जरा कमी करता येत न्हाय का गं त्यात?"

संघप्रिया फुटलीच. "तुम्ही पण आप्पा? त्या हिंदुरावाला मी शिव्या घातल्या आणि तुम्ही..."

"त्याला कशाला शिव्या घालतीस?" आप्पा हळूच म्हणाले. "त्याच्या ध्यानात नसंल आता, पन कीर्तीच्या लग्नात तुझ्या आईनंच त्याला सांगितलं हुतं. भाऊ, मला तेवढं उजळ काढ म्हनं. पोरीच्या सासरची मानसं बघत्याल."

कीर्तीच्या हातातला रिफ्लेक्टर खाली आला. संघप्रिया दारात जाऊन उभी राहिली. इतके दिवस राग कुणावर काढायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. आता? आईवर कसा काढायचा? आणि आईला तसं बोलायला लावणारी माणसं तर गावभर होती, पाहुण्यांत होती, घरात जेवून गेली होती. संध्याकाळी आप्पांनी ती गोरी फ्रेम पुन्हा भिंतीवर लावली तेव्हा तिने ती लावू दिली. घर त्यांचंही होतं.

पण कॅमेरा तिने ठेवून दिला नाही. गल्लीतल्या बायकांना ती रविवारी दारात बसवायची, फोटो काढून द्यायची. काहींना आवडायचे, काही फोटो उलटा करून ठेवायच्या.

पलीकडच्या बोळातली रशीदा एकदा आपल्या आरजूला घेऊन आली. मुलीसाठी स्थळं येत होती, फोटो पाठवायचा होता. आरजू सावळी, मोठ्या डोळ्यांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दाराच्या उजेडात तिचा फोटो असा आला की कीर्तीही बघत राहिली.

रशीदाने पाहिला. "अच्छा है. पर बेटा, थोडं उजळ कर ना."

"ते मी करत नाही, खाला."

"अरे, करने को क्या जाता है? बटण तर दाबायचं."

"आणि मुलगा घरी आल्यावर? तेव्हा कुठलं बटण दाबणार?"

रशीदाचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "तेरे को बोलना आसान है. नोकरी आहे तुला. माझ्या पोरीला तीन जागांनी फोटो बघूनच नको म्हटलं. तिला काय सांगू मी, तू सांग."

रशीदा फोटो न घेताच निघाली. आरजू मात्र उंबऱ्यात थांबली.

"दीदी, वो फोटो मेरे मोबाइल पे भेजो," ती म्हणाली. "जसा आहे तसा."

"आई रागवेल तुझी."

"रागवू दे. तीन लोकां ने जो देखा, वो फोटो मेरा थाच नहीं. हिंदुराव के यहां का था. मला बघून नको म्हणायचं तर म्हणू दे ना एकदा."

हे सांगताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज तापलेला होता. संघप्रियाला तो आवाज ओळखीचा वाटला. तिने फोटो पाठवला.

रशीदाने पुढे महिनाभर संघप्रियाशी बोलणं टाकलं. नळावर भेटली तरी हंडा उचलून दुसरीकडे वळायची. आरजूचं लग्न अजून जमलेलं नाही. ती सध्या एका सीएकडे कामाला जाते आणि तो फोटो तिने ओळखपत्रावर लावून घेतलाय. पेठेत संघप्रियाचं नाव "ती भांडखोर फोटोवाली" असं पडलंय. परवा एक गृहस्थ आईला घेऊन आले, म्हातारी रात्रीसारखी काळी आणि देखणी. त्यांनी खुर्ची दारात ओढता ओढताच विचारलं, "मॅडम, उजळ करून देता ना?"

संघप्रियाने ट्यूब बंद केली. "आधी बाजूला व्हा," ती म्हणाली, "उजेड अडवताय तुम्ही त्यांचा."