राठोड मॅडमचे बहुरूपी

दिग्रसच्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी मागच्या कुंपणापाशी पिवळ्याधमक साडीतल्या एक बाई हवेत तुरीचे दाणे फेकताना दिसल्या. पाखरांना टाकत असतील म्हणावं, तर पाखरू एकही नव्हतं. जवळ गेलो तसा त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"हळू या सर. नर हाये. दाणा उडाला का त्याले वाटते बायको आली."

खरंच, हवेत एका जागी थरथरत उभी असलेली चिमुकली माशी दाण्यामागे सुसाट धावली, हिरमुसून परतली आणि पुन्हा त्याच जागी उभी राहिली. असे नर मी माणसांतही पाहिले होते, पण पहिल्याच दिवशी ते बोलणं बरं दिसलं नसतं.

त्या प्राणिशास्त्राच्या राठोड मॅडम. अंगावर मधमाशीसारखे पट्टे पण नांगी नाही, अशी सिरफिड माशी हा त्यांचा जन्माचा विषय. त्या तिला बहुरूपी म्हणत. "पोलिसाचा डगला घातला म्हणून काय कोणी पोलीस होते?" असं विचारत त्या तिला खुशाल बोटावर बसवून घेत, आम्ही दोन हात लांब. शेतात जाताना साडी पिवळीच, कारण पिवळं दिसलं की माशीला फूल वाटतं. स्टाफरूममध्ये त्यांना हळदीची नवरी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

तांड्यावर त्यांचा धाकटा भाऊ परसराम कापूस करायचा. त्याच्या वावरात मॅडमनी कापसाच्या मधे धन्याच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओळी लावल्या होत्या. धने फुलले की माश्या येतील, कापसावर अंडी घालतील, त्यांच्या अळ्या पानांचा रस पिणारा मावा फस्त करतील आणि फवारणी वाचेल, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. निवृत्तीआधीचा तो शेवटचाच हंगाम होता.

दिवाळीनंतर धने फुलले. आम्ही दोघं वावरात पोचलो आणि मॅडम बांधावरच थबकल्या. ओळीभर पिवळे चिकट सापळे डोलत होते. त्यांवर मावा थोडा आणि बहुरूपीच फार. परसरामनं ते हौसेनं विकत आणून टांगले होते.

"बाई, तूच सांगत होती ना, पिवळ्यावर किडे येते," तो म्हणाला. "तुह्या धन्याले मावा लागू नये म्हनून लावले."

मॅडम तिथेच खाली बसल्या. साऱ्या हंगामाची माती झाली होती. मला वाटलं, आता भडकणार. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि भिंग परसरामच्या हातात दिलं.

"डोळे पाह्य तिचे. दोन्ही डोळे एकमेकाले चिकटून असन तं नर. मधात फट असन तं मादी, अंडी घालनारी."

तो वाकून पाहू लागला. "मादी," म्हणाला. मग, "हेबी मादीच." पुढच्या सापळ्याशी त्यानं भिंग खाली ठेवलं. कोणी न सांगता त्यानं सगळे सापळे उतरवले.

शोधनिबंध झाला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की मॅडम सांगत, "माह्या भावानं लय जीव लावला, त्यातच प्रयोग गेला." आणि स्वतःच आधी हसत.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. कुंपणाकडे अजून मला पाहवत नाही. यंदा दिवाळीनंतर मुद्दाम तांड्यावर गेलो. कापसात धने फुलले होते, सापळा एकही नव्हता. परसराम बहिणीच्या जुन्या पिवळ्या साडीचा फेटा गुंडाळून हवेत तुरीचे दाणे फेकत होता. यंदा फवारा मारलाच नाही म्हणाला. मी पुढे सरकलो तसा त्यानं हात आडवा केला.

"हळू या सर. नर हाये. वाट पाहून राह्यला."

त्यानं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि मी त्यातला एक जपून उडवला.