झरीपर्यंतचे चार रविवार

दिवाळी नुकतीच झाली होती. बायको जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या डोंगर भटकणाऱ्या क्लबची मंडळी डिचोलीला आमच्या घरी आली. दर वर्षी या महिन्यात ती त्यांना रानातल्या एका झरीवर न्यायची. वाट फक्त तिलाच ठाऊक. बाकीचे गप्पा मारत तिच्या मागून जायचे. आता पावसानं ती वाट पार बुजली होती.

"सर, तुमका वाटेचां कायतरी सांगितला आसतलां मां तिणां?" क्लबचे पुढारी म्हणाले. आयुष्यभर बस चालवलेला माणूस.

सांगितलं तर तिनं सगळंच होतं. परत आली की बूट काढता काढता ती अख्खी वाट बोलायची, आणि मी पुस्तकातून डोकं न काढता हुंकार भरायचो. "अहो, ऐकताय मां?" ती विचारायची. मी ऐकत नव्हतो, असं मला वाटत होतं. पाच महिने हेच मला खात होतं.

"मी येतो," मी म्हणालो. ग्रंथालयाच्या खुर्चीत जन्म काढलेला मी!

पहिल्या रविवारी काजूच्या बागेपलीकडे करवंदीच्या जाळीत अडकून परतलो. "सर, पुस्तकात बघून वाट गावणार नाय हां!" पुढाऱ्यांनी टोमणा मारला.

दुसऱ्या रविवारी खालून देवळाची घंटा ऐकू आली आणि मी थबकलो. घंटा ऐकू आली म्हणजे डावीकडे भरकटलो. हे मला कुणी सांगितलं? उजवीकडे वळलो, तर चढ सापडला. सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, मात्र गुरांच्या वाटा चहूकडे फुटल्या होत्या. तिसरा रविवार तिथंच गोल गोल फिरण्यात गेला.

उतरताना क्लबमधली पेडण्याची नर्स शेजारून चालत होती. पुस्तकात डोकं घालून भरलेल्या त्या हुंकारांचं मी तिला सांगितलं. ती सहज म्हणाली, "वहिनी सड्याचं सांगायची तेव्हा तुम्ही काय वाचत होतात?"

घरी जाऊन मी कपाट उघडलं. एक जाड चरित्र काढलं, अर्धं वाचून सोडलेलं. जिथं थांबलो होतो ते पान डोळ्यांसमोर धरलं, आणि ओळींच्या मागून ती बोलू लागली. कुंभ्याच्या एकट्या झाडाकडे पाठ करायची. काळा कातळ दिसेतो वळायचं नाही. मग ओल पायाला कळते. मी पुस्तकामागून पुस्तक उघडत गेलो.

चौथ्या रविवारी पुढे मी होतो. झाडाकडे पाठ केली. काळा कातळ आला. पायाखालची माती मऊ झाली.

"आता सपाट दगड येईल," मी मोठ्यानं म्हणालो. "तिघं बसतात. चौथे उभे राहतात ते पुढारी, कारण ते बोलत बोलत सगळ्यांच्या शेवटी पोचतात."

झाडी बाजूला केली. दगड होता. त्याच्या बाजूनं पाणी खळखळत होतं. नर्स आणि आणखी दोघी धावत जाऊन बसल्या. पुढारी मागून धापा टाकत आले, उभेच राहिले आणि पोट धरून हसले. "माझ्या पाठसून ह्यां सांगायची काय वहिनी? आणि काय काय सांगितल्यान?"

मी ओंजळभर पाणी प्यालो. थंडगार. मग उतरायला लागलो; सगळ्यांच्या पुढे, आणि सांगत, सांगत.