स्मारोमावशीने पुढे ढकललेला बाप्तिस्मा

स्मारोमावशी हो म्हणाली की काम झालंच समजायचं, हे आमच्या अख्ख्या बंदराला ठाऊक. म्हणूनच स्ट्राटिसच्या पोराची धर्ममाता व्हायचं कबूल करून, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तिनं "उद्या नको, नंतर" असा निरोप धाडला तेव्हा गावाला चघळायला आयताच विषय मिळाला. "हिच्याही जिभेला हाड नाही म्हणायचं!"

स्ट्राटिस तणतणत तिच्या अंगणात आला. ती सार्डिन मासळीला मीठ लावत बसली होती.

"मावशी, पाहुणे आलेत, कोकरू कापलंय! तोंड कुठे लपवू मी? जमत नसेल तर सरळ नाही म्हण!"

"नाही कोण म्हणतंय? धर्ममाता मीच होणार. पण नाव फिवोस ठेवतोयस, हे मला काल तुझ्या बायकोकडून कळलं. तुझ्या बापाला माहीत आहे?"

स्ट्राटिस पायानं अंगणातले खवले सारू लागला. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पण होडी मोडून मासेमारी सोडणाऱ्याला सरकार अनुदान देतं, त्यापायी म्हाताऱ्या इग्नातिसनं घरची लाकडी होडी मोडायला दिली, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं.

"कळेल की चर्चमध्ये," तो पुटपुटला.

"माझ्या तोंडून? पाद्री विचारणार आणि नाव मी सांगणार. तुझा म्हातारा नवा सदरा घालून पुढे बसलेला असेल, स्वतःचं नाव ऐकायला. भरल्या चर्चमध्ये त्याचा अपमान करायचा, तोही माझ्या जिभेनं? शोभतं का रे तुला? पोर तुझं, हक्क तुझा. तू सांगशील तेच नाव मी घेईन. पण आधी बापाला स्वतः जाऊन सांग. सांगितलंस की त्याच्या पुढच्या रविवारी मी हजर."

"मग लोकांना कारण का नाही सांगितलंस? खोटारडी म्हणतायत तुला."

"म्हणू देत. कारण सांगितलं असतं तर नाव तुझ्या बापाला गावाकडून कळलं असतं."

धन्य ती बाई! त्यानंतरही कितीतरी दिवस पाणवठ्यावर, दुकानात टोमणे खाल्ले, पण चकार शब्द काढला नाही.

शेवटी एका संध्याकाळी स्ट्राटिस बापाच्या दारात गेला. आधी आरडाओरडा ऐकू आला; तो बाहेर पडला तो मध्यरात्रीच.

रविवारी चर्च खच्चून भरलं. मावशीनं बापलेकांत समेट घडवला, आता नाव इग्नातिसच, अशी सगळ्यांची खात्री. पाद्र्यांनी नाव विचारलं. स्मारोनं बाळाला छातीशी धरलं.

"फिवोस."

कुजबुज उठली. पुढच्या खुर्चीतून इग्नातिस काठी टेकत उभा राहिला.

"स्मारो, जरा मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "माझ्या नातवाचं नाव मागच्यांना ऐकू गेलं नाही."