प्रचारकाकूंचा आशीर्वाद

निवडणूक कुठलीही असो, आमच्या प्रचारकाकू उमेदवाराला पहिल्यांदा विरोधकाच्याच घरी घेऊन जात. बाकीचे कार्यकर्ते नारळ, फटाके आणि हारांत अडकलेले असायचे, तोवर काकू उमेदवाराचा दंड धरून समोरच्या पक्षाच्या एखाद्या कट्टर माणसाच्या दारात पोचलेल्या असायच्या. "आपली माणसं कुठं जातात? जिथं मत मिळणार नाय तिथं आधी जायचं. चार शब्द ऐकून घेतले की उमेदवार जरा माणसात येतो," असं त्यांचं म्हणणं. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत कित्येक उमेदवार असे काकूंनी माणसात आणले. निवडून आल्यावर त्यांतले बरेच पुन्हा माणसांतून उठले, पण तो दोष काकूंचा नव्हे.

काकूंचं माहेर देवळ्याचं, कांद्यावाल्यांच्या घरातलं. काका कारखान्यात होते. काकूंना पक्षाने कधी पद दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. त्यांची ओळख एवढीच, की काकू ज्याला घेऊन येतील त्याला निदान आत बसवून बोलायचं. राग आला की त्यांची माहेरची अहिराणी बाहेर पडायची. एकदा एका पोरसवदा कार्यकर्त्याने विरोधी उमेदवाराच्या बायकोबद्दल वेडंवाकडं घोषवाक्य दिलं, तेव्हा भर पदयात्रेत "हाई काय शे?" असं ओरडून त्यांनी त्याच्या हातातला भोंगा काढून घेतला होता. मग म्हणाल्या, "शिव्या दिल्या की एक मत पक्कं होतं. त्याचं."

हल्ली प्रचार म्हणजे काय चालतं, ते मी सांगायला नको. मागच्या काही वर्षांत आमच्याकडे टॅब घेतलेली मुलं येऊ लागली. कॉलनीत किती घरं कुठल्या जातीची, हे त्यांना पाठ. पण नळाला पाणी किती वाजता येतं, हे एकालाही ठाऊक नाही. मग पैठणीचे खेळ, देवदर्शनाच्या बसगाड्या, डीजे आणि भाड्याने आणलेली गर्दी. काकू त्या गर्दीकडे बघून म्हणायच्या, "गर्दी मत देत नाय रे मिलिंद, गर्दी जेवून जाते." मला हसू यायचं. आता येत नाही, कारण जेवून गेलेल्या गर्दीच्या जोरावर माणसं निवडून येताना मी या डोळ्यांनी बघितलं आहे. आपण मतदार तरी कुठले धुतल्या तांदळाचे?

याआधीच्या महापालिका निवडणुकीत पक्षाने भाऊ नावाचं प्रकरण उभं केलं. कॉलनीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. काकूंनी त्याला घरोघर नेलं आणि प्रत्येक दारात एकच वाक्य सांगितलं: "हा पळून जाणारा नाय, माझा शब्द." भाऊ निवडून आले. वर्षही सरलं नसेल, तोच आणखी तिघाचौघांना बरोबर घेऊन भाऊ थेट त्या पक्षात गेले, ज्याच्या विरोधात काकूंनी आमच्याकडे मतं मागितली होती. कारण विचारलं तर विकास. आमच्याकडे कोणीही कुठेही गेलं तरी विकासासाठीच जातं. कोपऱ्यावरची गटार मात्र अजून जिथल्या तिथे आहे.

कॉलनीने चार दिवस कुजबुज केली आणि विषय सोडून दिला. काकूंना तो सोडता येईना. एका सकाळी त्या घराबाहेर पडल्या आणि प्रचाराला गेल्या होत्या तशाच पुन्हा एकेका दारात जाऊ लागल्या. "मी शब्द दिला होता, तो खोटा ठरला. माफ करा." एवढंच बोलायचं आणि पुढच्या घरी. निवडणुकीनंतर प्रचाराला निघालेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. बरेच जण म्हणाले, "अहो काकू, तुमचा काय दोष?" एका जिन्यावर मात्र एकाने हसत विचारलं, "तुमच्या वाट्याला काय आलं, काकू?" मी बरोबर होतो. माझा हात उठणार होता, पण काकूंनी तो धरला आणि त्यालाही हात जोडून "माफ कर बाबा" म्हणाल्या. उरलेली घरं त्यांनी दुसऱ्या दिवशी केली, गुडघे कुरकुरत होते तरी. त्या फेरीनंतर पक्षाचा कुठलाही माणूस आला, तरी त्या त्याच्याबरोबर बाहेर पडल्या नाहीत.

मग कितीतरी वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नाहीत, तक्रार कोणाकडे करायची ते ठाऊक नाही. अखेर एकदाची निवडणूक लागली आणि भाऊ नव्या उपरण्यात उभे राहिले. एका संध्याकाळी ते थेट काकूंच्या दारात आले. मी तिथेच होतो. भाऊ वाकले आणि काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी कोणी वाकलं की त्याचा हात आपोआप पुढे जातो. काकूंचाही गेला. क्षणभरच; भानावर येऊन त्यांनी तो मागेही घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ. मी तुझ्याबरोबर येणार नाय." भाऊ हसले, नमस्कार करून निघून गेले. त्यांच्यामागे मोबाईल धरून एक मुलगा उभा होता, हे आमच्या उशिरा लक्षात आलं.

तासाभरात रील आली. डोक्यावर हात, मागे सनई, खाली सोनेरी अक्षरांत "काकूंचा आशीर्वाद पुन्हा भाऊंनाच!" काकू काय बोलल्या, तेवढं कापलेलं. कॉलनीतल्या प्रत्येक मोबाईलवर ती फिरली. ज्या दारांत जाऊन त्यांनी माफी मागितली होती, त्याच दारांत आता त्या पुन्हा भाऊंच्या वतीने उभ्या होत्या, स्वतः न जाता. मला इतका संताप आला की मी कॉलनीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. उत्तरादाखल दोन अंगठे आले, एक सुप्रभातचं फूल आलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं, "कृपया ग्रुपवर राजकारण नको." ती रील त्यांनीच पुढे पाठवली होती!

काकूंनी पुन्हा फेरी काढायचं ठरवलं. चप्पल घातली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. गुडघे ऐकेनात. "मी जातो तुमच्या वतीने," मी म्हटलं. "तू सांगशील रे, पण लोक म्हणतील, खरं असतं तर काकू स्वतः आल्या असत्या. त्या हाताचं काय करू मी आता?" त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडल्या. मतदानाच्या आधी देवळ्यालाच दिलेली त्यांची लेक येऊन त्यांना तिकडे घेऊन गेली. आजवर एकही मतदान न चुकवलेल्या बाईने या वेळी मत दिलं नाही.

भाऊ निवडून आले. मिरवणुकीच्या गाडीवर रीलमधला तोच फोटो लावला होता, हात डोक्यावर असलेला. काकू देवळ्याहून परतल्या नाहीत. तिकडेच थंडीत गेल्या. आमच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर श्रद्धांजली टाकली, तीही त्याच फोटोसकट.

म्हणून हे लिहिलं. काकूंना जे घरोघर सांगायचं होतं, ते मी इथे सांगतो, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं: प्रचारकाकूंनी भाऊंना आशीर्वाद दिला नव्हता.